केबिनच्या ट्रिमवर कार्बन फिल्म: धुण्यापासून मागच्या घडीपर्यंत

गाडीच्या आतल्या प्लास्टिक पार्टांवर, म्हणजे ट्रिमवर, कार्बन कापडासारखी दिसणारी चिकट फिल्म लावतात. लावलेल्या दिवशी ती कुणाचीही छानच दिसते. खरी परीक्षा मे महिन्यात, नाशिकच्या अंबडला कंपनीबाहेर दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत. बाहेर ४० अंश असताना बंद काचांमागे डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या पुढे जातो, आणि मग एखादी कड हळूच उचलली जाते. ती का उचलली याचं कारण शोधत गेलं तर बहुतेक वेळा दोनच जागी सापडतं: पार्ट नीट धुतला गेला नाही, किंवा खोलगट जागेत फिल्म ओढून बसवली. कापणं, घासणं, गरम करणं ही हातांची कामं सवयीने येतात. या दोन गोष्टी सवयीवर सोडता येत नाहीत.

हे काम एका साध्या हॅचबॅकवरचं. फिल्म लावली ती चारही दारांवरच्या पॉवर विंडो स्विचच्या पॅनेलना, गिअर लिव्हरभोवतीच्या फ्रेमला, म्युझिक सिस्टीमच्या चौकटीला आणि डॅशबोर्डवरच्या आडव्या पट्टीला. एसी व्हेंटच्या गोल रिंगा मुद्दाम सोडल्या. अरुंद आणि आतबाहेर दोन्हीकडे वळलेल्या रिंगेवर फिल्मला धरायला सपाट जागाच मिळत नाही. त्या रंगवून घेतलेल्या बऱ्या. स्टिअरिंगचं मधलं पॅड, डावीकडच्या सीटसमोरचा ‘एसआरएस एअरबॅग’ लिहिलेला भाग आणि कर्टन (खिडकीवर वरून उतरणारी) एअरबॅग असेल तर ए पिलर, म्हणजे समोरच्या काचेच्या बाजूचा खांब, यांना हात लावायचा नाही. एअरबॅगचं झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटायला हवं, आणि त्या रेषेवरून फिल्म गेली की ते कसं उघडेल याचा भरवसा उरत नाही. दुसऱ्याच्या गाडीत दिसलं म्हणून आम्हालाही हवं असं म्हणणारे भेटतात, त्यांना सरळ नाही सांगायचं. डॅशबोर्डचा वरचा, काचेलगतचा भागही नको. तिथे चमकदार फिल्म लावली की दुपारी समोरच्या काचेत त्याचंच प्रतिबिंब दिसत राहतं.

फिल्म निवडताना रेडियमच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, थ्रीडी देऊ की फाइव्हडी? हे आकडे दिसण्याचे आहेत. थ्रीडीला हाताला लागणारी वीण असते, पुढच्या आकड्यांत वर गुळगुळीत चमकदार थर येतो. टिकण्याशी त्यांचा काही संबंध नाही. विचारायचं ते हे, की फिल्म कास्ट आहे की कॅलेंडर्ड. कॅलेंडर्ड फिल्म म्हणजे गरम रोलरांमधून दाबून, ओढून पातळ केलेलं पीव्हीसी. ओढताना बसलेला ताण तिच्यात तसाच राहतो आणि ऊन लागलं की ती आक्रसते. कास्ट फिल्म द्रवरूपात ओतून, भट्टीत सुकवून तयार करतात, त्यामुळे तिच्यात असा ताण जवळजवळ नसतो. कास्ट साधारण ०.१ मिमी जाडीची, स्वस्तातली कार्बन फिल्म ०.१५ ते ०.२ मिमी. कास्टची किंमत कितीतरी जास्त, पण केबिनला लागते किती? रोलची रुंदी १.५२ मीटर असते. वरच्या सगळ्या भागांना मिळून एक रनिंग मीटर पुरतो. एखादा तुकडा वाया जाणार हे धरून दीड मीटर घ्यायचा. एवढ्याशा मापावर पैसे वाचवून मजुरी दुप्पट करण्यात अर्थ नाही.

दुकानदार काय सांगतो त्यापेक्षा तुकडा काय सांगतो ते बघावं. १० सेंटीमीटरचा चौकोन कापायचा, मागचा कागद काढायचा आणि तुकडा मोकळाच धरून हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) गरम करायचा. कॅलेंडर्ड असेल तर रोलच्या लांबीच्या दिशेने स्पष्ट आखडतो आणि वळतो. कास्ट मऊ पडतो, माप फारसं सोडत नाही.

विणीची दिशा हा दुसरा मुद्दा. बहुतेक फिल्मवर खऱ्या कार्बन कापडाच्या ट्विल विणीची नक्कल असते, म्हणजे तिरप्या रेघा. एक तुकडा उभा आणि दुसरा आडवा कापला तर प्रकाश वेगळा परततो आणि एकाच रोलचे तुकडे दोन छटांचे वाटतात. म्हणून कापण्याआधी मागच्या कागदावर पूर्ण रोलभर एकाच दिशेचे बाण मारून घेतले. डावं-उजवं दार एकमेकांच्या आरशातलं असलं तरी वीण आरशातली करायची नाही, सगळीकडे एकच दिशा ठेवायची. प्रत्येक तुकडा पार्टपेक्षा चारही बाजूंनी ४ सेंटीमीटर मोठा.

पार्ट काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल १० नंबरच्या पान्याने सोडवलं आणि काही मिनिटं तसंच थांबलो. एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ द्यावा लागतो. स्विच पॅनेल स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये, नायलॉनच्या पट्ट्या मिळतात त्या वापरायच्या. बऱ्याच गाड्यांत हे पॅनेल मागच्या टोकाकडून वर उचलून पुढे सरकवावं लागतं, पुढचं टोक खाचेत अडकवलेलं असतं. वर आलं की खाली कपलर, म्हणजे वायरचा जोड, दिसतो. त्याची जीभ दाबून तो सोडवायचा, वायर ओढून नाही. दाराच्या हँडलजवळ छोट्या टोपीखाली स्क्रू लपलेला असू शकतो. जोर लावूनही पार्ट हलत नसेल तर क्लिप घट्ट आहे असं समजण्याआधी तो स्क्रू शोधावा. थंडीच्या सकाळी प्लास्टिक कडक असतं आणि क्लिपा टपाटप तुटतात. डिसेंबर-जानेवारीत हे काम अकरानंतर उन्हात गाडी जरा तापवून केलेलं बरं. दोन-चार क्लिपा जास्तीच्या आणून ठेवाव्यात. पार्ट काढताना प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो, आणि स्क्रू ज्या पार्टचे त्याच्याच पिशवीत.

आता पार्ट उलटा करायचा. मागच्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो आणि पुढचं अर्धं काम त्यावर ठरतं. एबीएस (कडक प्लास्टिकचा एक प्रकार) किंवा पीसी-एबीएस (त्यात पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट मिसळलेलं) असेल तर फिल्म चांगली धरते. पीपी, किंवा पीपी-टी२० म्हणजे २० टक्के टाल्क मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन असेल तर गम त्यावर पसरतच नाही, कारण या प्लास्टिकची पृष्ठभाग ऊर्जा कमी असते. तव्यावर तेल असताना पाण्याचा थेंब जसा गोळा होऊन राहतो, तसंच गमचं होतं. या गाडीत म्युझिकची चौकट आणि गिअरची फ्रेम एबीएसची निघाली, दारांचे पॅनेल पीपीचे. म्हणजे एकाच गाडीत दोन पद्धती. एबीएसवर फक्त कडांना प्रायमर, म्हणजे गमची पकड वाढवणारा द्रव, पुरतो. पीपीवर ज्या ज्या जागी फिल्म वळते, आत जाते किंवा मागे घडी पडते त्या सगळ्या जागी प्रायमर लागतो.

धुणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि तिथेच सगळे घाई करतात. शत्रू धूळ नाही, शत्रू डॅशबोर्ड पॉलिश आहे. सर्व्हिसिंगला प्रत्येक वेळी मारलेलं सिलिकॉनचं पॉलिश लेदर ग्रेनच्या (प्लास्टिकवरच्या चामड्यासारख्या नक्षीच्या) बारीक खाचांत मुरलेलं असतं आणि त्यावर काहीही चिकटत नाही. दिंडोरी-निफाडकडे बागांत फिरणाऱ्या गाड्या असल्या तर त्याच खाचांत काळ्या मातीची बारीक धूळ पॉलिशमध्ये कालवून बसलेली असते. आधी भांड्यांचं लिक्विड आणि कोमट पाणी, जुना दातांचा ब्रश, गोल गोल घासणं. मग स्वच्छ पाण्याने धुणं, पुन्हा तेच. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ७० भाग अल्कोहोल ३० भाग पाणी, दोन फडक्यांनी: एकाने ओलं पुसायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. एकाच फडक्याने पुसत बसलो तर विरघळलेलं सिलिकॉन फक्त इकडून तिकडे फिरतं. फडकं काळं येतंय तोवर काम संपलेलं नाही.

पाणी शिंपडून बघायची एक जुनी कसोटी आहे: थेंब गोळा झाले तर अजून तेलकट आहे, पाणी पसरलं तर साफ. एबीएसवर ती चालते. पीपीवर चालत नाही, कारण स्वच्छ पीपीवरही थेंब गोळाच होतात. तिथे मास्किंग टेपचा तुकडा दाबून लावायचा आणि झटक्यात ओढायचा. चांगल्या धुतलेल्या जागी आणि न धुतलेल्या जागी ओढ लागण्यातला फरक हाताला कळतो. थिनर, पेट्रोल यांना फाटा. थिनरने एबीएस विरघळतं, पीसीला केसासारख्या चिरा पडतात, आणि त्या चिरा फिल्मच्या आतून पुढे वाढतात.

जुन्या गाड्यांत काही पार्टांवर रबरासारखा मऊ थर असतो, जो उष्णतेने चिकट होतो. त्याच्यावर फिल्म लावणं म्हणजे सुटणाऱ्या पापुद्र्यावर लावणं. अल्कोहोलने तो थर पूर्ण खरवडून खालचं कडक प्लास्टिक उघडं करावं लागतं.

ग्रेन किती खोल आहे ते नखाने तपासायचं. उथळ ग्रेन फिल्म झाकून टाकते, कार्बनची वीण स्वतःच खडबडीत असल्याने खालचं फारसं उमटत नाही. पण ग्रेन खोल असेल तर गम फक्त उंचवट्यांना टेकतो, दऱ्या रिकाम्या राहतात, म्हणजे निम्मीच पकड. तिथे ३२० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून उंचवटे उतरवायचे, मग ६००. आरसा करायचा नाही, नखाला जाणवणारी धार गेली की पुरे. घासल्यावर पुन्हा अल्कोहोल, कारण घासताना आतलं पॉलिश वर येतं.

जागा बंद खोलीची हवी, पंखा बंद. नाशिकच्या कोरड्या थंडीत मागचा कागद ओढला की फिल्मवर स्थिर वीज येते आणि खोलीतला प्रत्येक केस, प्रत्येक कण तिच्याकडे धावतो. जमिनीवर पाणी शिंपडून थोडा ओलावा आणला की ते बरंच कमी होतं. पावसाळ्यात उलटी गंमत: धुतलेल्या पार्टच्या मागच्या रिबांमध्ये (उभ्या पट्ट्यांमध्ये) पाणी अडकून राहतं आणि गरम करताना कडेवर ओघळतं. तेव्हा पार्ट रात्रभर वाळवायचे किंवा हीट गन सगळ्यात कमी उष्णतेवर ठेवून लांबून फुंकर घालायची. लावण्याचं चांगलं तापमान २० ते २५ अंश. मेच्या दुपारी गम इतका तरतरीत होतो की टेकला तिथे धरतो, परत उचलून सरळ करता येत नाही. सकाळी सातला सुरुवात केली की हा त्रास नसतो.

पहिला पार्ट नेहमी सपाट घ्यावा, म्हणजे हाताला फिल्म किती देते याचा अंदाज येतो. डॅशबोर्डची आडवी पट्टी त्यासाठी चांगली. कागद पूर्ण काढला, फिल्म चारही कोपऱ्यांत हलकी धरून पट्टीवर सैल टेकवली, वीण ठरवलेल्या दिशेत आहे का ते बघितलं, मग मधोमध अंगठ्याने चिकटवून फेल्ट लावलेल्या स्क्वीजीने (फिल्म दाबायच्या पट्टीने) मधून बाहेर दाबत नेलं. स्क्वीजी ४५ अंशांत, प्रत्येक ओढ मागच्या ओढीवर निम्मी चढवून. चांगल्या फिल्मच्या गममध्ये हवा निघायला बारीक नाल्या असतात. आधी कडा दाबून बंद केल्या तर नाल्यांचं तोंड बंद होतं आणि मधली हवा कायमची अडकते. सुरकुती पडली तर दाबायची नाही, फिल्म तिथवर उचलायची, हलकी गरम करायची, ती आपोआप सपाट होते, मग परत लावायची. दाबून मोडलेली सुरकुती जात नाही.

खोलगट भागाचा नियम हाताने शिकायला वेळ लागतो, सांगायला सोपा आहे: आधी खड्डा, मग सपाटी. फिल्म उंचवट्यांवर चिकटवून नंतर खड्ड्यात ढकलली तर खड्ड्यातली फिल्म ताणलेली राहते. ती वर तंबूसारखी उभी राहायची संधी शोधत असते, आणि उन्हाळ्यात ती संधी तिला मिळते. त्याऐवजी फिल्म गरम करून सैल केली, बोटाने आधी खड्ड्याच्या तळाला टेकवली आणि तिथून भिंतींवर चढवत वर आणली. ताण आलाच तर तो सपाट भागात वाटला जावा, तळात नको. कार्बन फिल्ममध्ये ताण डोळ्यांनाही दिसतो. विणीतले चौकोन लांबट झाले, चमक फिकी पडली की समजायचं जास्त ओढलंय. १० ते १५ टक्क्यांच्या पुढे ओढायचंच नाही.

दाराच्या पॅनेलमधला हात घालून दार ओढायचा कप इतका खोल होता की एका तुकड्यात तो बसणं शक्यच नव्हतं. असा कप एका तुकड्यात करून दाखवणारे असतात, पण तो किती टिकतो ते दाखवत नाहीत. तिथे दोन तुकडे केले: आधी कपाच्या आत एक, त्याची कड वर ५ मिमी बाहेर काढून, मग वरचा मोठा तुकडा त्या कडेवर ४ मिमी चढवून. जोड कुठून दिसेल आणि बोटं कुठे लागतील हे पाहून त्याची जागा ठरवली. बोटाच्या घामाने आणि तेलाने जोड सगळ्यात आधी सुटतो, म्हणून तो धरायच्या बाजूला कधीच नको.

स्विचच्या चौकोनी खिडकीवर फिल्म आधी पूर्ण पसरू द्यायची, मग मधे कापायची. नेहमीची सवय अशी, की कडा आत वळवून घडी घालायची. इथे ती नडते. आत वळलेली फिल्म दोन्ही बाजूंना मिळून ०.२ ते ०.४ मिमी जागा खाते, आणि स्विच व चौकट यांमधली फट तेवढीच असते. मग काचेचं बटण दाबलेलंच राहतं. दारात लहान मूल बसलेलं असेल तर याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. म्हणून खिडकीच्या आतल्या कडेवर प्रायमर लावून फिल्म धारेला बरोबर कापली, आत वळवली नाही. ३० अंशांचं टोकदार पातं, ९ मिमीचा कटर, आणि प्रत्येक खिडकीला टोक मोडून नवीन धार. बोथट पातं फिल्म कापत नाही, ओढतं, आणि ओढलेली कड दातेरी होते. कटर प्लास्टिकवर टेकवायचा, रुतवायचा नाही. एबीएसवर ओरखडा पडला की तो पुढे फिल्म काढल्यावर कायमचा दिसतो.

बाहेरच्या कडेला मात्र घडी हवीच. ८ ते १० मिमी फिल्म मागे वळेल एवढी ठेवायची. बाहेरच्या गोल कोपऱ्यावर जास्तीची फिल्म चुण्यांत गोळा होते, तिथे व्ही आकाराचे काप द्यायचे आणि काप कडेच्या २ मिमी अलीकडे थांबवायचा. कडेपर्यंत गेला तर समोरून खालचं प्लास्टिक दिसतं. क्लिप ज्या बैठकीवर बसते तिथली घडी कापून काढायची, नाहीतर पार्ट पूर्ण बसत नाही आणि शेजारच्या पार्टला घासून खराब रस्त्यावर किरकिरत राहतो.

प्रायमर ९४ नावाने मिळणारा द्रव ट्रिमच्या कामाला चालतो. ब्रशने पातळ, घडीच्या पट्ट्यापुरताच. काही मिनिटांत सुकतो. सगळ्या पार्टवर फासला तर फिल्म एकदा टेकली की उचलता येत नाही, आणि पुढे काढायची वेळ आली तर गम प्लास्टिकवरच राहतो. वास उग्र, पेटणारा द्रव. हीट गन चालू असताना त्याची बाटली उघडी ठेवायची नाही.

शेवटचं गरम करणं वगळलं तर बाकी सगळं वाया. कास्ट फिल्म जिथे जिथे ताणली गेलीय तिथे तिला ९५ ते १०० अंशांपर्यंत तापवलं की नव्या आकाराची तिला सवय होते आणि ती मागे यायचं सोडते. अंदाजाने नाही, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून. काळ्या पृष्ठभागावर तो बऱ्यापैकी खरा आकडा देतो. अडचण अशी, की एबीएस स्वतःच १०० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं. म्हणून गन एका जागी थांबवायची नाही, हात सतत फिरता, आकडा दिसला की पुढे. म्युझिकच्या चौकटीसारखी बारीक पट्टी तर हातात धरून तापवूच नये, सपाट फळीवर ठेवून तापवावी आणि थंड होईपर्यंत तिथेच राहू द्यावी. वाकलेली चौकट परत बसत नाही. पीपीचे पॅनेल उष्णतेला थोडे जास्त सोसतात, पण आकडा त्यांनाही तोच ठेवला.

पार्ट थंड झाल्यावर प्रत्येक कड अंगठ्याने पुन्हा एकदा दाबली आणि ते रात्रभर खोलीतच ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिथे कड अर्धा मिमी जरी उचललेली दिसते तिथे सगळी फिल्म काढायची गरज नसते. तेवढा भाग उघडून प्रायमर लावून परत बसवता येतो. दोन जागी उचलली असेल तर मात्र धुण्यातच खोट आहे असं धरून तुकडा नवा घ्यावा.

बसवताना क्रम उलटा: आधी सगळे कपलर, मग क्लिपा, मग स्क्रू, आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. एअरबॅगचा एखादा कपलर सुटा असताना इग्निशन चालू केलं तर डॅशवर दिवा पेटतो आणि तो स्कॅनर लावल्याशिवाय बहुधा जात नाही. बॅटरी जोडल्यावर काही गाड्यांत एका दाबात वर जाणारी काच ती सोय विसरते; काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की बहुतेकदा परत येते. प्रत्येक स्विच दहा वेळा दाबून बघायचा, अडकत नाही ना. हॅझार्डचा दिवा, माइकची छिद्रं, ऑटो एसीचा सेन्सर यांवर फिल्म गेलेली नाही ना, तेही तेव्हाच.

पुढचे दोन दिवस कडांना पाणी नको, आणि आठवडाभर शक्य तितकी सावली. स्वच्छ करायचं ते ओल्या मायक्रोफायबरने. सर्व्हिस सेंटरला गाडी देताना केबिनला पॉलिश मारू नका असं जॉब कार्डावर लिहून घ्यावं. सिलिकॉन कडेतून आत शिरलं तर प्रायमरही फार काळ दम धरत नाही. काढायची वेळ आली तर ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करून, फिल्म पार्टला जवळजवळ समांतर ठेवून सावकाश ओढायची. काटकोनात ओढली तर गम मागे राहतो, आणि राहिलेला गम अल्कोहोलने भिजवून नायलॉनच्या पट्टीने काढावा लागतो.